सायकलच्या सांगाड्यातले कोन

(दृश्य: सिंहगड घाट, सकाळची वेळ. चढणारे आणि उतरणारे सायकलस्वार एकाच वळणावर.)

पुण्यातल्या सायकलस्वाराला सिंहगडाचा घाट नवा नसतो. या घाटात एकाच सायकलकडून दोन अगदी उलट गोष्टी मागितल्या जातात. चढताना वेग ताशी ७-८ किलोमीटरांवर येतो, स्वाराचे वजन मागच्या चाकाकडे सरकते, पुढचे चाक हलके पडते आणि सायकल सरळ रेषेत ठेवण्यासाठी हँडलची सतत बारीक हालचाल करावी लागते. तीच सायकल परतीच्या वाटेवर त्याच वळणांवरून ताशी ४० किलोमीटरांच्या वेगाने खाली येते, तेव्हा हँडलने शांत राहावे, खड्ड्याच्या एका धक्क्याने बिथरू नये आणि तरीही वळणात स्वाराने झुकवले की लगेच झुकावे, अशी अपेक्षा असते. यांपैकी कोणती अपेक्षा किती पुरी होणार, हे बऱ्याच अंशी फ्रेमच्या नळ्या जोडल्या जातात त्या क्षणीच ठरलेले असते. टायर, सीट, गिअर, ब्रेक हे सगळे नंतर बदलता येते; नळ्यांमधले कोन मात्र बदलत नाहीत.

(दृश्य: दुकानामागची छोटी कार्यशाळा. फरशीवर सरळ उभी धरलेली सायकल, लांब पट्टी, ओळंबा, खडू.)

या कोनांपैकी सर्वांत बोलका कोन पुढे असतो. हँडलची दांडी ज्या नळीत फिरते ती हेड ट्यूब उभी नसून मागे कललेली असते. तिच्या रेषेत एक लांब पट्टी धरून ती जमिनीपर्यंत नेली आणि जिथे टेकते तिथे खडूने खूण केली, मग पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून तो टेकतो तिथे दुसरी खूण केली, तर दुसरी खूण पहिलीच्या मागे पडलेली दिसते. टायर जमिनीला प्रत्यक्ष टेकतो तो या मागच्या खुणेवर. दोन खुणांमधल्या या अंतराला ट्रेल म्हणतात. ऑफिसातल्या खुर्चीचे चाक जसे आपल्या खुंटीच्या मागे राहून आपोआप चालीच्या दिशेला लागते, तसेच ट्रेलमुळे पुढचे चाकही सरळ होऊ पाहते.

ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो: हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन (तो जितका कमी तितकी नळी जास्त कललेली), चाकाची त्रिज्या, आणि पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, आसाला त्या रेषेच्या किती पुढे नेतो ते अंतर. रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकलीत कोन ७३ अंश, त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि फोर्कचे पुढे असणे ४५ मिलिमीटर धरले, तर ट्रेल सुमारे ५७ मिलिमीटर येतो. फोर्क आणि चाक तेच ठेवून कोन ७१ अंश केला की तो ७० मिलिमीटरांपर्यंत जातो आणि ६८ अंशांवर जवळजवळ ८९ मिलिमीटर होतो. एखाद-दोन अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतही नाही, पण हाताला तो पहिल्याच वळणावर कळतो.

मग ट्रेल जितका जास्त तितकी सायकल चांगली, असे मात्र नाही. कललेल्या हेड ट्यूबमुळे हँडल वळवताच सायकलचा पुढचा भाग किंचित खाली बसतो, आणि त्यामुळे वळलेले हँडल आणखी वळू पाहते. वेगात हे जाणवत नाही. घाट चढताना, वेग पायी चालण्याच्या जवळ आला की नेमके हेच जाणवते आणि पुढचे चाक डावी-उजवीकडे भरकटू लागते. डोंगरातल्या वाटांसाठी बनवलेल्या आजच्या माउंटन बाइकमध्ये उतारावरच्या स्थैर्यासाठी हेड ट्यूब ६४ ते ६६ अंशांपर्यंत कललेली असते, म्हणून त्याच सायकलींची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, ७६ अंशांच्या आसपास उभी ठेवतात, म्हणजे चढावर स्वाराचे वजन पुढे येऊन ते चाक जमिनीला धरून राहते. एका कोनाने बिघडवलेले दुसऱ्या कोनाने सावरायचे, हे फ्रेम आखणाऱ्याचे नित्याचे काम आहे.

(दृश्य: मोकळ्या मैदानात, स्वाराशिवाय ढकललेली सायकल काही अंतर स्वतःच सरळ जाते.)

सायकल तोल कसा सांभाळते याविषयी एक समज फार पक्का आहे: फिरणारी चाके भोवऱ्याच्या तत्त्वावर तिला उभी ठेवतात. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने हे तपासण्यासाठी मुद्दाम न चालवता येणारी सायकल बनवण्याचा प्रयत्न केला. उलट्या दिशेने फिरणारे जादा चाक बसवून त्याने हा परिणाम जवळजवळ पुसून टाकला, तरी ती सायकल चालवता आली. फोर्क उलटा करून ट्रेल वाढवल्यावर सायकल स्वाराविना विलक्षण स्थिर झाली, आणि पुढचे चाक आणखी पुढे नेऊन ट्रेल उणा केल्यावर, म्हणजे टायर हेड ट्यूबच्या रेषेच्या पुढे टेकू लागल्यावर, ती चालवणे फार अवघड झाले. प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी अशी सायकल बनवून दाखवली, जिच्यात भोवऱ्याचा परिणाम रद्द केला होता आणि ट्रेलही किंचित उणा होता. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वतःचा तोल सावरत होती, कारण तिच्या पुढच्या भागातले वजन खाली आणि पुढे ठेवले होते. म्हणून ट्रेल महत्त्वाचा खरा, पण वजन कुठे आहे आणि चाके किती अंतरावर आहेत यांच्या जोडीनेच तो वाचावा लागतो.

(दृश्य: कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय. जुन्या सायकलींच्या रांगा. मग काळ्या, रॉडब्रेकच्या सायकलवर कॅमेरा स्थिरावतो.)

याचा उत्तम नमुना पुण्याच्या रस्त्यांवरच होता. इंग्लंडमधील कव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' ही साखळीवर चालणारी, जवळपास सारख्या चाकांची सायकल आणली आणि त्यानंतर काही वर्षांतच दोन त्रिकोणांची चौकट जगभर रूढ झाली. त्या घराण्यातली काळी, दांड्याची, २८ इंची चाकांची सायकल पुण्यात गवळ्यांनी, टपालवाल्यांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे चालवली. तिला ओबडधोबड म्हणण्याची आज पद्धत आहे, आणि ती मला मान्य नाही. तिची हेड ट्यूब बरीच कललेली असते, पण फोर्कही पुढे मोठा बाक घेऊन येतो. कोनाने वाढवलेला ट्रेल फोर्कच्या बाकामुळे पुन्हा कमी होतो, त्यामुळे हँडल जड होत नाही. शिवाय खड्ड्याचा धक्का त्या कललेल्या, बाकदार फोर्कच्या आडव्या दिशेने येतो, म्हणून फोर्क थोडा लवतो आणि मनगटापर्यंत पोहोचण्याआधी धक्क्याची धार बोथट होते.

या सायकलीच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, ११०० मिलिमीटरच्या पुढे जाते. शर्यतीच्या सायकलीत ते १००० च्या आत-बाहेर असते. लांब व्हीलबेसची सायकल वळायला सावकाश असते आणि सरळ जायला निश्चिंत. मागचा भाग लांब असल्याने कॅरिअरवरचे ओझे मागच्या आसाच्या मागे लोंबत नाही. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून किंवा कुणाला डबलसीट घेऊन पेठेतल्या गर्दीतून हळू जाणाऱ्या माणसाला याहून योग्य आखणी सुचवणे कठीण आहे. तीच सायकल घाटात न्या, आणि तिच्या वजनाबरोबर तिची संथ वळणवृत्तीही आड येईल, पण ती घाटासाठी आखलेलीच नव्हती.

(दृश्य: खोदून बुजवलेला चर, गतिरोधक. टायरवर जवळून कॅमेरा. चाक चरावरून जाताना रबर दबते आणि पुन्हा फुगते.)

आता आरामाविषयी. पोलाद मऊ, ॲल्युमिनियम कडक, कार्बन धक्के गिळतो, असे दुकानात हमखास ऐकायला मिळते. यात तथ्य थोडे आणि अतिशयोक्ती पुष्कळ आहे. फ्रेमचा मागचा त्रिकोण वरून येणाऱ्या दाबाला इतका ताठ असतो की चरावरून जाताना तो मिलिमीटरच्याही अंशानेच दबतो, तर हवा भरलेला टायर त्याच वेळी अनेक मिलिमीटर दबतो. पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम एक तृतीयांश वजनाचे आणि एक तृतीयांशच ताठ असते, म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते आणि वाकण्याला होणारा विरोध सुमारे ८ पट. कडकपणा आला तो नळीच्या मापातून; धातूच्या नावावर तो खपवला गेला. नळ्यांचा ताठपणा जाणवतो तो आडव्या आणि पिळाच्या हालचालीत: उभे राहून जोरात पॅडल मारताना, किंवा कॅरिअरवर जड पिशव्या असताना हँडल थरथरू लागते तेव्हा. दांडा काढून टाकलेल्या, साडी नेसून सहज बसता यावे म्हणून खाली वाकवलेल्या नळीच्या सायकलीत हा पीळ जास्त असतो, म्हणून तिच्या नळ्या अधिक भक्कम घ्याव्या लागतात.

आरामावर फ्रेमचा खरा अधिकार चालतो तो एका साध्या जागेत: फोर्कच्या आणि मागच्या नळ्यांच्या मध्ये किती रुंद टायर मावतो. २५ मिलिमीटरचा टायर मावणारी फ्रेम कोणत्याही धातूची असली तरी तिला हवा कडक भरावी लागते. ३५ मिलिमीटरची जागा असलेली फ्रेम जवळजवळ निम्म्या दाबावर चालते. जंगली महाराज रस्त्यासारख्या गुळगुळीत रस्त्यावर हा फरक कमी कळेल, पण पेठांमधून खडकवासल्याकडे रोज जाणाऱ्याने धातूआधी ही जागा बोटाने मोजून पाहावी.

(दृश्य: सायकलचे दुकान. कमी उंचीची एक तरुणी सीटवर बसलेली. बुटाचा चवडा आणि पुढचे चाक जवळून.)

सर्वांत जास्त तडजोड लहान मापाच्या फ्रेममध्ये होते, आणि तिचा त्रास ज्यांना होतो त्यांना तो क्वचितच समजावून सांगितला जातो. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्वारासाठी फ्रेम आखडली तरी चाके मोठ्या सायकलीचीच ठेवली, तर पुढचे चाक पॅडलवरच्या चवड्याच्या इतके जवळ येते की हळू आणि तीव्र वळताना बूट टायरला घासतो. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत, रिक्षाच्या मागून वाट काढताना, हे पडण्याचे कारण होऊ शकते. ते टाळण्यासाठी अनेक कंपन्या हेड ट्यूब ७१ अंशांपर्यंत कलवतात, पण फोर्क सगळ्या मापांना एकच वापरतात. मग ट्रेल ५७ वरून ७० मिलिमीटर होतो आणि लहान चणीच्या स्वाराच्या वाट्याला जड, मंद हँडल येते. ७१ अंशांबरोबर ५५ मिलिमीटर पुढे नेणारा फोर्क दिला, तर ट्रेल पुन्हा ५९ वर येतो आणि चाकही चवड्यापासून दूर सरकते. काही कंपन्या लहान मापांना ६२२ मिलिमीटरच्या रिमऐवजी ५८४ मिलिमीटरची रिम देतात, आणि माझ्या मते तोच सरळ मार्ग आहे, कारण त्यात कोनांना हात लावावा लागत नाही. लहान माप घेणाऱ्याने दुकानातून निघण्याआधी पॅडल आडवे करून हँडल पूर्ण वळवून पाहावे, आणि फोर्कचे अंतर प्रत्येक मापाला वेगळे दिले आहे का, हे कंपनीच्या मापांच्या तक्त्यात शोधावे.