मुकादम नसलेलं जाळं

(सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. जेकार्ड लूम म्हणजे नक्षीचा माग, वर सरकणारी कार्डांची माळ)

चादरीवरचं मयूरपंख या पुठ्ठ्याच्या कार्डांतून उतरतं. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं सोडायचा. अख्खी नक्षी आधीच ठरलेली. एक कार्ड फाटलं, की पीस बिघडलंच.

(कॉलेजची लॅब. पाच जुने संगणक)

इथं मात्र नक्षी कुणा एकाकडे नाही. भंगारात निघालेल्या या पाच संगणकांवर कॅसँड्रा डेटाबेस चालतोय. फेसबुकमध्ये तयार झालेला, 2008 मध्ये सगळ्यांसाठी खुला झालेला. यात मुकादम नसतो. दर सेकंदाला प्रत्येक यंत्र एखाद-दुसऱ्या सोबत्याला गाठतं. कोण चालू, कुणाची खबर नाही, हे सांगतं आणि ऐकतं.

"काढू का, मॅडम?"
"काढ की!"

(वायर निघते. स्क्रीन जवळून)

तिसऱ्या ओळीत 'यूएन' म्हणजे चालू होतं, ते 'डीएन' म्हणजे बंद झालं. किती उशीर म्हणजे बंद, याची ठरावीक वेळ नाही. आजवरचे निरोप किती अंतरानं आले, त्यावरून प्रत्येक यंत्र आपापला अंदाज बांधतं.

एकानं दुसऱ्याला सांगत खबर पसरवायची ही युक्ती जुनी. 1987 मध्ये ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रातून ती मांडली. नावापत्त्यांच्या शेकडो प्रती जुळवताना तिथलं नेटवर्क गुदमरत होतं. मग ठरलं, सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचंच नाही. समोर येईल त्याला सांगा, साथ पसरते तशी बातमी पसरेल. हजार यंत्रं असली तरी वीसेक फेऱ्या पुरतात. अडचण पुसलेल्या नोंदींची. जुन्या प्रतीतून त्या पुन्हा उठायच्या. म्हणून मृत्यूचा दाखला आला, पुसल्याचीही नोंद. कॅसँड्रा तो एरवी दहा दिवस जपतं. नेमके दहाच!

जाळ्याचे दोन तुकडे झाले तर दोन्हीकडचे एकमेकांना मेलेलं समजतात, तो धोका आहेच.

(वायर पुन्हा जोडली जाते)

या यंत्राचं राहिलेलं लिखाण बाकीच्यांनी सांभाळलं होतं. ते आता पोचतंय. तीन तासांपर्यंत असं सांभाळतात. नवे सर्व्हर येईपर्यंत थांबली असती, तर ही मुलं अजून वहीत आकृत्याच काढत असती.

"मॅडम, आता दोन काढू?"

प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती आहेत आणि वाचायला दोघांचं उत्तर लागतं. दोन यंत्रं गेली, तर काही नोंदी अडणार. कुठल्या, ते मुलं आधी फळ्यावर मांडतायत.