हौद्यात उतरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. माळेगावच्या खंडोबाची यात्रा झाली की दरवर्षी एक गोष्ट ठरलेली. हलगीच्या तालावर रंगलेल्या कुस्त्या पोरं डोळे भरून बघतात आणि आठ-पंधरा दिवसांत तालमीत चार-पाच नवे चेहरे दिसायला लागतात. "वस्ताद, ढाक डाव शिकवा." वस्ताद त्यांच्या हातात खोरं देतात. म्हणतात, आधी हौदा उकरा. पोरं हिरमुसतात. आज मला त्या खोऱ्याबद्दलच बोलायचंय.

हौदा म्हणजे तालमीतला कुस्तीचा मातीचा आखाडा. त्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. पायांखाली तुडवून ती घट्ट बसते. रोज उकरली नाही तर पडणाऱ्याला दगडावर आपटल्यासारखं लागतं. अर्धा तास खोरं चालवून बघा. कंबर, पाठ, खांदे, मनगट सगळं एकदम कामाला लागतं, आणि जोडीदाराला उचलताना नेमकं हेच लागतं. माती मऊ होते, उकरणारा घट्ट होतो.

जोर-बैठका तुम्हाला ठाऊकच आहेत. पंचवीस जोर, पन्नास बैठकांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. पकडीसाठी दोरी चढा. दमाचं मात्र वेगळं आहे. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये फक्त तीस सेकंद विश्रांती. नुसतं सावकाश पळून तो दम येत नाही. अर्धा मिनिट जीव तोडून पळा, मिनिटभर चाला, पुन्हा पळा.

आता मानेचं. मी पंधरा वर्षांचा असताना दोन आठवड्यांच्या तालमीवर जत्रेच्या फडात उतरलो होतो. समोरच्यानं मान खाली दाबली आणि कानामागून खांद्यापर्यंत कळ गेली. तीन आठवडे मान वळत नव्हती. ताट छातीशी धरून भाकरी खायचो. म्हणून माझ्या पोरांना मी पहिला महिना पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान, घालू देत नाही. तळहात कपाळावर ठेवायचा, हातानं डोकं मागं रेटायचं आणि मानेनं जागचं हलायचं नाही. दहा आकडे मोजायचे. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. दिसायला काहीच नाही, पण मान यानंच तयार होते. सोबत कोलांट्या, म्हणजे पडायचं कसं ते अंगात मुरतं.

अंगानं किरकोळ असलेल्यांनी नाराज होऊ नये. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते ५७ किलो गटात. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य.

खुराकासाठी कर्ज काढू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, भिजवलेले शेंगदाणे, दूध, चालत असतील तर अंडी. वाढत्या वयाच्या पोराला हे पोटभर मिळू द्या. आपल्याकडचा उन्हाळा कडक, तेव्हा मेहनत पहाटेच उरका आणि पाणी पीत राहा. वजन उतरवायला पोरांना तहानलेलं ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

आमच्या तालमीत साधारण तीन महिन्यांनी तो दिवस येतो. पोरगा पाय न लावता दोरी चढून उतरतो, पूल घालून मोजून वीस आकडे थांबतो. वस्ताद काही बोलत नाहीत. लंगोट कसून स्वतः हौद्यात उतरतात, मूठभर माती त्याच्या पाठीवर टाकतात आणि पहिली पकड दाखवतात.