तेलाच्या साखळीला फुटलेल्या फांद्या

(दृश्य : तळहातावर मोगली एरंडाच्या काळ्या बिया)

मोगली एरंडाची बी फोडली की आतला पांढरा गर बोटांना तेलकट लागतो. हे तेल खाण्याजोगे नाही आणि आहे तसे इंजिनातही चालत नाही, कारण ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते. मिथेनॉलशी प्रक्रिया करून त्याचे बायोडिझेल केले तर घट्टपणा जातो, पण रेणूतला ऑक्सिजन तसाच राहतो. असे इंधन विमानाला उपयोगाचे नाही.

डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतील शास्त्रज्ञांनी म्हणूनच हा ऑक्सिजन काढून टाकण्याची वाट धरली. तापवलेले तेल आणि दाबाखालील हायड्रोजन उत्प्रेरकाच्या थरातून एकत्र जातात, तेव्हा ऑक्सिजन मुख्यतः पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो, तेलाच्या रेणूतल्या साखळ्यांना जोडून ठेवणारा ग्लिसरॉलचा भाग प्रोपेन वायू होऊन सुटतो आणि बहुतांशी पंधरा ते अठरा कार्बनच्या सरळ साखळ्या उरतात. तेलात फॉस्फरस किंवा धातूंचे अंश राहिले तर उत्प्रेरक लवकर निकामी होतो, त्यामुळे ते आधी नीट शुद्ध करून घ्यावे लागते.

(दृश्य : परीक्षानळीत थिजलेला पांढरा मेणासारखा पदार्थ)

खरी मेख इथे आहे. अठरा कार्बनची सरळ साखळी २८ अंश सेल्सिअसलाच गोठते. थंडीच्या सकाळी बाटलीत थिजलेले खोबरेल उन्हात ठेवणाऱ्या कोणालाही ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. जेट ए-१ या विमान इंधनाला मात्र उणे ४७ अंशांपर्यंत गोठून चालत नाही. त्यासाठी साखळ्या थोड्या तोडाव्या लागतात आणि त्यांना फांद्या फुटाव्या लागतात, कारण फांद्या असलेले रेणू एकमेकांना बिलगून नीट रचले जात नाहीत. हे काम झिओलाइट या सच्छिद्र खनिजासारख्या उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत होते. तोडणे जास्त झाले तर हाती नुसता वायू आणि नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखे हलके द्रव, येतो, कमी झाले तर मेण. उत्प्रेरक घडवणाऱ्याचे सारे कसब या मधल्या अरुंद वाटेत आहे, आणि ऑक्सिजन काढणे व साखळी बदलणे ही दोन्ही कामे एकाच टप्प्यात साधणे हे डेहराडूनच्या प्रक्रियेचे मोठे यश आहे, असे आम्हाला वाटते.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी छत्तीसगडमधील बियांच्या तेलापासून बनवलेले हे इंधन नेहमीच्या इंधनात २५ टक्के मिसळून एक प्रवासी विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले. पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी, ऐन हिवाळ्यात, हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने दोन्ही इंजिनांत १० टक्के मिश्रण घेऊन लेहच्या धावपट्टीवरून उड्डाण केले.