शंभर कोटींतले चौदा

मंडळी, आकाशात रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज बदलत राहतं असे तारे, काही कमी नाहीत. ताऱ्यांची मोजदाद करणाऱ्या युरोपच्या गाया यानाच्या २०२२ सालच्या यादीत ते एक कोटीहून जास्त आहेत. त्यामुळे नवा रूपविकारी तारा सापडला, यात आता फारसं अप्रूप उरलेलं नाही. अवघड आहे ते या गर्दीतून वेगळ्याच जातीचा तारा ओळखणं. कारण संगणक त्याला ओळखीच्याच एखाद्या गटात ढकलून मोकळा होतो.

पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांचं 'ओगल' सर्वेक्षण १९९२ पासून चालू आहे. त्यांची १.३ मीटरची दुर्बीण चिलीत लास कॅम्पानासला आहे. मूळ हेतू कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं द्रव्य, शोधण्याचा होता. रूपविकारी तारे हा खरं तर जोडधंदा. त्यांना असा एक तारा मिळाला, ज्याचं तेज दर २८.२६ मिनिटांनी झटकन वाढतं आणि मग सावकाश उतरतं. डेल्टा स्कुटी नावाच्या नेहमीच्या गटात त्याची नोंद झाली.

आता तुम्ही विचाराल, रात्रीत एक-दोन फोटो घेऊन २८ मिनिटांची लय कळते कशी? फोटोंच्या वेळा वेगवेगळ्या असतात, तेच कामी येतं. अनेक वर्षांची मोजमापं घ्यायची, काळाचे एका अंदाजी आवर्तकालाएवढे, म्हणजे एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळाएवढे, तुकडे करायचे आणि ते एकावर एक ठेवायचे. अंदाज बरोबर असेल, तर विखुरलेले ठिपके एका रेषेत येतात. चुकला, तर नुसता धुरळा. दहा वर्षांत या ताऱ्याचे सुमारे १ लाख ८६ हजार फेरे होतात. म्हणजे आवर्तकालात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी शेवटी अख्ख्या फेऱ्याहून जास्त फरक पडतो! आणि एरवी संगणकाने 'आवर्तकाल एक दिवस' असं सांगितलं, तर आधी संशय घ्यावा. ती लय बहुधा आपल्या पृथ्वीची असते.

घोळ उघडकीला आला तो वर्णपटामुळे. डेल्टा स्कुटी ताऱ्यांचं तापमान सात-आठ हजार अंश. याचं निघालं तीस हजारांच्या आसपास. मग त्याच्यासारखे आणखी शोधले. सुमारे शंभर कोटी तारे चाळून २०१७ साली जाहीर झाले ते अवघे चौदा. या निळ्या, तेजात मोठा चढउतार असलेल्या, लयीत फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांना 'ब्लॅप' म्हणतात.

दुसरी जात अगदी उलट, तिला लयच नाही. उत्तर मुकुट तारकासमूहातला 'आर' हा तारा एरवी सहाव्या प्रतीचा, म्हणजे अंधाऱ्या जागेहून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्याचं मंदावणं एडवर्ड पिगॉटने १७९५ मध्ये नोंदवलं. काही आठवड्यांत तो तब्बल आठ प्रतींनीही, म्हणजे जवळपास दीड हजार पट मंद होऊ शकतो. तारा बाहेर फेकत असलेल्या वायूतला कार्बन गोठून काजळी धरते आणि ती आपल्या दिशेला आली की त्याला झाकते. असे तारे बहुधा दोन श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे घट्ट गाभे, एकमेकांत विलीन होऊन बनतात आणि फार काळ टिकत नाहीत, म्हणून विरळा.

पुढची बुडी कधी, हे कोणीच सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं नजर ठेवायची, एवढंच हातात. एक आडवाट मात्र आहे, आणि मला ती जास्त आवडते: कोमट काजळी अवरक्त किरणांत चमकते. अवरक्त किरणांत आकाश टिपणाऱ्या वाइज उपग्रहाच्या नोंदींतून असे उमेदवार निवडता येतात. त्यांत धुळीने वेढलेले मीरा जातीचे म्हातारे, फुगलेले लाल तारे घुसतातच. पण त्यांना शेकडो दिवसांची लय असते, आणि वर्णपटात हायड्रोजन असतो. आपल्या काजळीवाल्या ताऱ्यांत तो जवळजवळ नसतोच.

मघाशी एकांनी विचारलं, आम्हाला यात काही करता येईल का? जरूर. झेडटीएफ आणि असासन या आकाश सर्वेक्षणांचे प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचे काळानुसार आलेख, सर्वांना खुले आहेत. फक्त असासनचा एक पिक्सेल सुमारे आठ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), त्यात शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश सहज मिसळतो. म्हणून चढउतार दिसला की आधी गायाच्या यादीत आजूबाजूला कोण आहे ते पाहा. मग रूपविकारी ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत, म्हणजे व्हीएसएक्समध्ये, त्याची नोंद आधीच आहे का आणि कुठल्या गटात, ते तपासा. गट जुळत नसेल, तर तो तारा सोडू नका.