जागा कुणाची? प्लेऑफमधला बचाव आणि पंचांची शिट्टी

नमस्कार मंडळी. मे महिना सुरू आहे, म्हणजे इथल्या अनेकांची सकाळ सध्या सहा वाजता एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफनं (बाद फेऱ्यांनी) उजाडते. संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही कोर्टवर गेलं की मुलांच्या तोंडी एकच विषय असतो: ‘सरळसरळ हात मारला होता, तरी फाऊल दिला नाही. प्लेऑफमध्ये पंच शिट्टीच वाजवत नाहीत.’ हे गाऱ्हाणं मला खोटं वाटत नाही, पण अर्धवट वाटतं. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. ‘स्पर्श झाला का?’ हा प्रश्न पंच विचारतच नाही. दहा धिप्पाड माणसं 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद कोर्टवर धावणार म्हटल्यावर अंगाला अंग लागणारच. पंच दोन प्रश्न विचारतो. ती जागा कुणाची होती? आणि धक्क्यामुळे कुणाचं नुकसान झालं?

जागा धरण्याचे नियम स्पष्ट आहेत. बचाव करणाऱ्यानं प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की जागा त्याची. पीएमपीच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं इथे चालत नाही. हात पुढे करून जागा मिळत नाही, तिथे धड पोचावं लागतं. एकदा जागा धरली की तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, हात सरळ वर ठेवून उडीही मारू शकतो. पायाखालच्या जमिनीपासून वरपर्यंतचा उभा दंडगोल त्याचा. त्यात समोरचा येऊन धडकला, तर फाऊल धडकणाऱ्याचा. आणखी एक बारकावा आपल्या मुलांना फार कमी वेळा सांगितला जातो. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याच्यासमोर तुम्ही अगदी ऐनवेळी उभे राहिलात तरी चालतं, फक्त त्यानं उडी घेण्याआधी पोचलं पाहिजे. ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याला मात्र थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांचं अंतर द्यावंच लागतं. स्क्रीनच्या वेळी (सहकाऱ्याला मोकळं करण्यासाठी बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहताना) होणारे निम्मे वाद हे माहीत नसल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

आता प्लेऑफकडे येऊ. नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. आज एक शहर, परवा दुसरं. समोरच्या संघाचा खोल अभ्यास करायला सवड नसते. प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात आणि चार जिंकणारा पुढे जातो. दुसऱ्या सामन्यापर्यंत दोन्ही संघांना एकमेकांच्या चाली तोंडपाठ होतात. कुणाला डावीकडे ढकललं की त्रास होतो, कोण फ्री थ्रोला (फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) कच्चा आहे, कुणाला पहिला पास मिळू दिला नाही की सगळी चढाई अडखळते, हे सगळं कागदावर येतं. चालींमधलं नवेपण संपलं की अंगाची लढाई उरते.

1980च्या दशकाच्या शेवटी डेट्रॉईट पिस्टन्सनी मायकल जॉर्डनसाठी जे आखलं, त्याला ‘जॉर्डन रूल्स’ असं नावच पडलं. तो बास्केटकडे निघाला की दुसरा माणूस धावून जायचा, आणि तो हवेत गेला की खाली उतरताना त्याला अंग लागायचंच. 1988, 1989 आणि 1990, सलग तीन वर्षं जॉर्डनचे शिकागो बुल्स याच पिस्टन्सकडून हरले. 1991 मध्ये त्यांनी पिस्टन्सना 4-0 असं धुतलं, पण त्यासाठी जॉर्डनला शरीर कमवावं लागलं आणि सहकाऱ्यांवर चेंडू सोपवायला शिकावं लागलं.

यामागचा हिशेब बघा. एनबीएमध्ये सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचव्या. शिवाय प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाचे पहिले चार फाऊल असे असतात की समोरचा शॉट मारत नसेल तर त्याला फ्री थ्रो मिळत नाहीत, फक्त बाजूनं चेंडू मिळतो. हुशार कोच हे फाऊल खर्चायची रक्कम समजतो. त्याच्या बेंचवर दणकट खेळाडू असतील तर त्यांचे फाऊल तो समोरच्या मुख्य खेळाडूला दमवण्यासाठी वापरतो.

आणि यापुढचा डाव जास्त खोल आहे. पाचही जणांनी प्रत्येक चढाईत थोडा हात लावला, कमरेला कोपर टेकवलं, चेंडूशिवाय बास्केटकडे धावणाऱ्याला खांद्यानं वाटेतून हलवलं, तर पंच करणार काय? प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली तर खेळच थांबेल. नाही वाजवली तर कालपर्यंत जो फाऊल होता, तो आज नेहमीचा बचाव होतो. संघ पहिल्या पाच मिनिटांत हेच जोखतो. 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरचा बचाव मी फार लक्ष देऊन पाहिला. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्यांनी सहा फूट पाच इंचांच्या अॅलेक्स करूसोला सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचवर सोडलं. योकिचच्या पुढे उभं राहायचं, चेंडू पोचूच द्यायचा नाही, आणि पाठीमागून मदत तयार ठेवायची. त्यात ढकलाढकली होतीच. पण त्याहून जास्त पायांचं काम होतं, जागेवर आधी पोचणं होतं. थंडरनी तो सामना 125-93 असा जिंकला. ‘पंचांनी सोडून दिलं म्हणून जिंकले’ असं म्हणणाऱ्यांनी करूसोचे फक्त पाय बघत तो सामना पुन्हा पाहावा.

अर्थात रेषा कुठे आखायची हे शेवटी लीग ठरवते, आणि तिनं ठरवलं की खेळ बदलतो. 2004 च्या अंतिम फेरीत पिस्टन्सनी लेकर्सना 4-1 नं हरवलं, तिसऱ्या सामन्यात तर 68 गुणांवर रोखलं. पुढच्या हंगामापासून ड्रिबल करणाऱ्याला हात लावून अडवण्याबाबतचा नियम कडक झाला. संघांची सरासरी 93.4 वरून 97.2 गुणांवर गेली. फाऊलच्या हिशेबाची आणखी एक युक्ती म्हणजे फ्री थ्रोला कच्च्या असलेल्या लेकर्सच्या शकील ओनीलला मुद्दाम फाऊल करणं. 2000 च्या अंतिम फेरीतल्या एका सामन्यात त्याला 39 फ्री थ्रो मारावे लागले आणि 18 पडले. निम्मे पडले तर दोन फ्री थ्रोंमागे एक गुण. त्याला खेळू दिलं तर याहून जास्त जातात, म्हणून फाऊल परवडतो. मला ही युक्ती आवडत नाही, कारण त्यात बचाव करायचं कौशल्यच लागत नाही.

आता पंचांची बाजू. एनबीएमध्ये तिघे असतात. एक बास्केटखाली, एक मागे, एक बाजूला. चांगला पंच चेंडूकडे बघत नाही, बचाव करणाऱ्याकडे बघतो. त्यांच्या प्रशिक्षणात चार गोष्टी शिकवतात: हात लागल्यानं चेंडूवाल्याची लय, वेग, तोल किंवा चपळाई बिघडली का? बिघडली तर फाऊल. माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही. अडचण एवढीच की ती शेवटच्या मिनिटात वापरायला हिंमत लागते.

27 एप्रिल 2025. न्यू यॉर्क निक्स आणि डेट्रॉईट पिस्टन्स, चौथा सामना, निक्स 94-93 असे पुढे. घड्याळ संपताना पिस्टन्सच्या टिम हार्डवे ज्युनिअरनं कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट घेतला, अंगाला अंग लागलं, शिट्टी वाजली नाही, सामना संपला. नंतर मुख्य पंचांनी स्वतः मान्य केलं की तो फाऊल द्यायला हवा होता. तीन फ्री थ्रो मिळाले असते. त्यांनी ते मान्य केलं याबद्दल मला मनापासून आदर आहे. 2015 पासून लीग चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवालही जाहीर करते, कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक. पण निकाल बदलत नाही.

‘शेवटी खेळाडूंनाच ठरवू द्या’ असं लोक मोठ्या अभिमानानं म्हणतात. मला ते पटत नाही. शिट्टी खिशात ठेवली की निकाल खेळाडूंच्या हाती जात नाही, तो धक्का देणाऱ्याच्या हाती जातो. तिसऱ्या मिनिटाला जो फाऊल आहे, तो एकोणचाळिसाव्या मिनिटालाही फाऊलच असला पाहिजे. प्लेऑफमध्ये जास्त धक्काबुक्की चालू द्यायची तर खुशाल द्या, पण पहिल्या चेंडूपासून द्या, दोन्ही बाजूंना द्या. कडक पंचाशी खेळाडू जुळवून घेतात, सैल पंचाशीही घेतात. अर्ध्या वाटेत बदलणाऱ्या पंचाशी कुणालाच जुळवता येत नाही.

हे मी पुण्यात का सांगतोय? शिरीन लिमयेसारखी भारताची कर्णधार या शहरानं दिली. आपल्या शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत बहुतेक वेळा दोनच पंच असतात, कोर्ट सिमेंटचं असतं, आणि कडेला पालक ‘ओ सर, हात मारला!’ म्हणून ओरडत असतात. सिमेंटवर हवेतून पडलेल्या मुलाचं मनगट मोडतं. म्हणून हवेत गेलेल्या खेळाडूच्या पायाखाली कुणी शिरलं तर तिथे कसलीही सवलत देऊ नये, सामना कितीही अटीतटीचा असो.

कोचमंडळींना माझी विनंती आहे की सरावात मुलांना हात पाठीमागे धरून बचाव करायला लावा. हात नाहीत म्हटल्यावर पाय आपोआप हलतात, आणि छातीनं जागा धरायची सवय लागते. पंच मित्रांना विनंती, सामन्याआधी दोन्ही कोच आणि कर्णधारांना दोन मिनिटं बोलावून घ्या. कमरेवरच्या हाताला फाऊल देणार की नाही, खाली पोस्टमध्ये (बास्केटजवळच्या जागेत) कोपर कितपत चालेल, हे स्पष्ट सांगा आणि पहिल्याच चढाईत ते दिसलं तर शिट्टी वाजवा. आता चार्ज (चढाई करणाऱ्याचा फाऊल) आणि ब्लॉक (बचाव करणाऱ्याचा फाऊल) यांच्या काही क्लिप दाखवतो. प्रत्येक क्लिपनंतर हात वर करून तुमचा निर्णय सांगा, मग चर्चा करू.