पडद्याच्या आजूबाजूचे कलावंत

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमाच्या इतिहासात आपण पडद्याकडेच बघत राहतो. आज बोलायचं आहे ते त्या पडद्यापुढं उभ्या राहिलेल्या गायकांबद्दल, नकलाकारांबद्दल, कसरतपटूंबद्दल. त्यांनी सांभाळून घेतलं नसतं, तर सिनेमाला सुरुवातीची वर्षं फार जड गेली असती, असं माझं ठाम मत आहे.

१ नोव्हेंबर १८९५. बर्लिनचं विंटरगार्टन नाट्यगृह. स्क्लाडानोव्स्की बंधूंनी तिथं तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला प्रसिद्ध खेळ अजून जवळजवळ दोन महिने लांब होता. नाच, गाणी, कसरती असा कार्यक्रम झाला आणि ही चित्रं सगळ्यांत शेवटी आली. पण त्या चित्रांत होतं तरी काय? कसरती, वस्तू उडवून झेलण्याचे खेळ, माणसाशी मुष्टियुद्ध खेळणारं कांगारू! म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा गेली तीही रंगमंचावरचीच मंडळी.

आता एखाद्या उपनगरातलं सार्वजनिक सभागृह डोळ्यांपुढं आणा. एरवी तिथं सभा, व्याख्यानं, लग्नं. सिनेमाच्या संध्याकाळी बाकं मांडायची, पडदा टांगायचा, की झालं थिएटर. जमीन सपाट, त्यामुळं मागच्यांना पुढच्यांची डोकीच जास्त दिसायची. वीज नसली तरी अडत नसे. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा खडा तापवला की लख्ख पांढरा उजेड पडे. प्रोजेक्टर मात्र बहुधा एकच. हजार फुटांचं रीळ सेकंदाला सोळा चित्रं या वेगानं हातानं फिरवलं, तर सतरा मिनिटांच्या आत संपायचं. दुसरं रीळ चढेपर्यंत काय करायचं?

अशा वेळी गायक पुढं यायचा. त्याच्या गाण्याबरोबर काचेवरची रंगीत चित्रं पडद्यावर उमटायची आणि धृपद सगळं सभागृह म्हणायचं. मूकपट हा शब्द ऐकून आपण शांतता कल्पितो. तिथं शांतता नव्हतीच. या कलावंतांना कुणी ‘वेळ भरणारे’ म्हटलं की मला वाईट वाटतं. अनोळखी लोकांना एकत्र बसून दाद द्यायची सवय त्यांच्याच जातकुळीच्या लोकांनी लावली होती. सिनेमाला ती आयती मिळाली.

धोकाही मोठा होता. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटे. ब्रिटनमध्ये १९०९ साली कायदा झाला आणि प्रोजेक्टरसाठी आगीपासून सुरक्षित अशी वेगळी खोली बंधनकारक झाली. साध्या सभागृहांना हा खर्च पेलणं सोपं नव्हतं.

आपल्याकडे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हाही जोडीला नाच होता, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूसुद्धा होता. पुढं चित्रपट लांबले, दुसरा प्रोजेक्टर आला, मग बोलपट आले आणि या मंडळींची जागा आक्रसत गेली.

यांतल्या कित्येकांची नावं आता फक्त जुन्या हस्तपत्रकांवर उरली आहेत. एखाद्या जुन्या सभागृहाच्या कपाटात असे कागद सापडले, तर कृपा करून ते रद्दीत देऊ नका. आणि वाचताना चित्रपटाच्या नावापाशी थांबू नका. खालच्या बारीक अक्षरांतली नावंही वाचा.

नमस्कार.