प्रश्नानंतरचा एक सेकंद

(दृश्य: भरलेला वर्ग. फळ्यावर नुकतंच सोडवलेलं उदाहरण.)

"समजलं ना सगळ्यांना?"

दोन-चार माना हलतात. फळा पुसला जातो.

कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला हा क्षण ओळखीचा आहे. वर्गात इथे एक मूक समझोता होतो. तुम्ही आम्हाला फार खोदून विचारू नका, आम्हीही तुम्हाला विचारणार नाही. अमेरिकेतले उच्चशिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज कू यांनी २००३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. शिक्षकाचं तपासायचं काम वाचतं, विद्यार्थ्याचं वाचायचं. दोघांचीही सोय होते, म्हणून हा समझोता मोडायला कुणी धजत नाही.

आणि तो होतो किती पटकन! अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळेच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर गेलं, तर उत्तरं लांबत आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत.

तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं? पण वर्गासमोर उभं राहून थांबून बघा. कुणीतरी पेनाचं टोपण काढतं, परत लावतं. दुसऱ्या बाकावरची मुलगी वहीच्या कोपऱ्यात एक बाण काढते, खोडते, उलट दिशेने काढते. तिचे ओठ हलतात. आणि तेवढ्यात सर स्वतःच उत्तर सांगून टाकतात. तिचा बाण वहीतच राहतो.

(दृश्य: वहीतला खोडलेला बाण.)

एरिक माझुर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. मुलं अवघड गणितं सोडवायची, त्यांच्या शिकवण्यावर खूशही होती. १९९० मध्ये त्यांनी बलाविषयीची एक साधी चाचणी दिली. वर्गातूनच विचारणा झाली, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्हाला एरवी वाटतं तशी? एवढ्या एका प्रश्नाने त्यांचं शिकवणं बदललं. पुढच्या वर्षापासून ते व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न देऊ लागले. आधी ज्याने त्याने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा ठरवायचं.

पण घरून काही वाचूनच न आलेले दोघं एकमेकांना काय पटवणार? विद्यार्थ्याचा वाटा इथे सुरू होतो, आणि तो दुसरं कुणी उचलू शकत नाही.

अशा शिकण्याचा फायदा मोजलेला आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. तरीही मुलं कुरकुरतात. का, ते हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं. स्वतः झटून शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. डोकं शिणलं, की आपल्याला कळतच नाहीये असा समज होतो. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिलं पाऊल शिक्षकाने टाकावं, असं मला ठामपणे वाटतं. वेळ त्याच्या हातात आहे, गुणही त्याच्याच हातात आहेत. हा शीण कशाचा, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगावं. चुकलेल्या उत्तरावर हसू नये, कुणाला हसू देऊ नये. मग मुलांनीही तो शीण सोसावा. त्याला "सरांना शिकवता येत नाही" असं नाव देऊन मोकळं होऊ नये.

(दृश्य: तोच वर्ग.)

"अवजड ट्रक छोट्या गाडीवर आदळला. जास्त बल कुणी लावलं?"

सर थांबतात. एक. दोन. तीन.

"ट्रकने," दुसऱ्या बाकावरून आवाज येतो.

"का?" सर विचारतात, आणि पुन्हा थांबतात.

मागून कुणीतरी म्हणतं, "पण मग गाडीने ट्रकवर किती लावलं?"

ती वळून मागे बघते, आणि वही पुढे ओढून दुसरा बाण काढायला घेते.